दहा बोटं आणि एक नळकांडं

"यातलं एक अक्षर तुम्हाला खरं वाटणार नाही," एकनाथराव म्हणाले आणि त्यांनी पायातले मोजे ओढून सारखे केले, कारण मोठं काही सांगायच्या आधी माणसानं नीटनेटकं असावं असा त्यांचा जुना समज होता. "पैज लावा. खरं वाटलं तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही." पैज कोणी लावली नाही. अमेरिकेत, मॉरिसव्हिलला मुलीच्या घरी रविवारचं जेवण नुकतंच आटोपलं होतं. जावई सौमित्र सोफ्यावर लवंडला होता, त्याच्या ऑफिसातला प्रसन्न, मूळ पुण्याचा आणि म्हणून उगाच प्रभावित न होणारा, मठ्ठ्याची आणखी एक वाटी संपवत होता. मुलगी हिमानी बाळाला निजवून आत्ताच खाली आली होती, आणि खिडकीशी लतिका, एकनाथरावांची मेव्हणी, परवाच नागपूरहून आलेली, मांडीवर वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत होती. सात समुद्र ओलांडून बाई मेथीच निवडते, असं मघाशी एकनाथराव म्हणाले होते, आणि त्यावर ती हसली होती. "फेका काका," प्रसन्न म्हणाला, "आम्ही तयार आहोत." एकनाथरावांनी सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं. "मी एका माणसाचा सूड घेणार आहे," ते म्हणाले. "सरकारची रीतसर परवानगी काढून. टॅक्स भरून."

खरं म्हणजे हे सांगायचं असं त्यांनी ठरवलं नव्हतं. पण शुक्रवारपासून ते आत मावत नव्हतं. शुक्रवारी दुपारी हिमानीबरोबर ते इंडियन स्टोअरमध्ये कारली निवडत उभे होते आणि शर्टाच्या खिशातला फोन थरथरला. फोनची रिंग त्यांना ऐकू येत नसे, छातीला कळत असे. कानामागच्या हाडावर फोन घट्ट दाबून धरल्यावर बंदुकीच्या दुकानदाराचा आवाज आला, दूर विहिरीतून आल्यासारखा: तुमचा कागद आला, मिस्टर पागनीस, वॉशिंग्टननं शिक्का मारला, सोमवारी या आणि तुमची वस्तू घेऊन जा. एवढंच. पण एकनाथरावांना एकदम वाटलं की दुकानातल्या सगळ्या माणसांनी वळून आपल्याकडे पाहिलं. उसाचा रस घेणारी ती पोरं, मसाल्यांच्या पाकिटांवरच्या तारखा वाचणारी ती बाई, सगळ्यांना कळलं. कोणी पाहिलं नव्हतं. हिमानी म्हणाली, बाबा, इतकी जून नका घेऊ. त्यांनी हातातलं कारलं खाली ठेवलं आणि दुसरं उचललं, आणि त्या दुसऱ्या कारल्याच्या खडबडीत पाठीवरून अंगठा फिरवताना त्यांच्या पोटात असं काही गोड गोड वितळत गेलं की त्यांना स्वतःचीच शरम वाटली. वर्ष उलटून गेलं होतं. सूड आणि सरकारी कागद यांची चाल एकच असते, आणि तो कागद आता आला होता.

"कसला टॅक्स?" सौमित्रनं विचारलं. टॅक्स म्हटलं की तो जागा होई. "सायलेन्सरचा," एकनाथराव म्हणाले. "बंदुकीच्या नळीच्या तोंडाला लावतात ते नळकांडं. मी घेतलंय. म्हणजे घेऊन वर्ष झालं, पण दुकानदाराच्या तिजोरीत पडून आहे. पैसे आपले, वस्तू आपली, आणि हात लावायचा तर सरकारनं हो म्हटलं पाहिजे. बंदूक मात्र दुकानात जाऊन तासाभरात घेऊन या. आवाज करायला परवानगी पटकन मिळते या देशात, आवाज न करायला मिळत नाही." प्रसन्न हसला. "काका, तुम्हाला ग्रीन कार्डवाल्यांचा जोक माहितीये का?" "मी सिटिझन आहे रे बाबा," एकनाथराव म्हणाले, "तुझा जन्म व्हायचा होता तेव्हापासून." हिमानी हसली नाही. "बाबा, सिरियसली? तुमच्याकडे ती जुनी रायफल आहे, तिला लावायला?" "तिलाच. मिल बंद पडली तेव्हा फोरमननं दिलेली. तिच्या तोंडाला आटे पाडून घेतले." आणि ही एक गोष्ट त्यांनी इतक्या सरळपणे सांगितली की ती कोणालाच खरी वाटली नाही.

मिल म्हणजे इथून पश्चिमेला दोनएक तासांवरच्या गावातली कापडगिरणी, जिथं एकनाथराव मुंबईहून टेक्स्टाइलची पदवी घेऊन तरुणपणी आले आणि म्हातारपणी बाहेर पडले. पाचशे माग एका छताखाली. तिथं माणसं बोलत नसत, ओठ हलवत. ओठांवरून समजायचं, हातांनी खुणा करायच्या. आणि माग ठीक चाललाय की नाही हे कानानं नाही, तळहातानं ऐकायचं: चौकटीवर हात टेकवून उभं राहायचं, धोट्याची एक ठोकर चुकली की मनगटाला कळे. बाकीचे इंजिनियर यंत्र बंद करून मोजमापं घेत, एकनाथराव डोळे मिटून हात ठेवत आणि सांगत, तिसऱ्या फळीचा बोल्ट. बरोबर निघे. ही थाप नव्हती, पण तीही ते थापेसारखीच सांगत. कान गेले ते तिथंच. पुढे यंत्रं मिळाली कानात घालायची, ती शिट्या मारत, म्हणून बहुतेक वेळ डबीतच असत. शैलजा म्हणायची, तुमच्याशी बोलायचं म्हणजे आधी तुमच्या दंडाला धरून फिरवायचं, मग तोंड दाखवायचं, मग बोलायचं. तोवर काय बोलायचं होतं तेच विसरायला होतं. शैलजा, त्यांची बायको. ती आता नव्हती. आणि ती नव्हती यात क्लेटनचा हात होता, असं एकनाथरावांनी स्वतःशी कधीच मोठ्यानं म्हटलं नव्हतं, पण त्यांच्या सगळ्या दिवसांचं सूत त्याच एका खुंटीला बांधलेलं होतं.

"क्लेटन कोण?" प्रसन्ननं विचारलं, कारण एकनाथरावांनी नाव उच्चारलं होतं, बहुधा नकळत. "ओढ्यापलीकडचा," हिमानी म्हणाली. "ट्रक चालवतो. तिकडे मिलच्या गावी, बाबांच्या घरामागे त्याची जमीन लागते." "आणि शनिवारी बंदुकीचे बार काढतो," एकनाथराव म्हणाले. "एक फळी, तिच्यावर बिअरचे डबे, आणि हा. गावाबाहेर आहे, कायद्यानं चालतं. सकाळी नाश्ता झाला की सुरू. आमच्या खिडकीच्या काचा कशा थरथरायच्या, सांगतो. ताकाच्या वाटीत लोणी येईल इतक्या." प्रसन्ननं हातातल्या वाटीकडे पाहिलं. "दहा वर्षं आम्ही काही बोललो नाही. पण दोन हजार पाचच्या पावसाळ्यानंतर शैलजा अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनी हात टेकले, म्हणाले घरी न्या, शांत ठेवा. शांत. हॉस्पिसची नर्स यायची, तीसुद्धा चवड्यांवर चालायची. ही हिमानी तेव्हा स्वतः पोटुशी, हिला डॉक्टरनं पलंगावरून उतरू दिलं नाही. म्हणून लतिकाला बोलावलं. घरात आम्ही तिघं, आणि पलीकडे तो."

इथं त्यांनी थोडं थांबून घेतलं. चांगला सांगणारा जिथं थांबतो तिथं ऐकणाऱ्यानं स्वतःहून पुढं यावं लागतं, आणि सौमित्र उठून बसला होताच. एकनाथरावांना ओढ्याचं पाणी आठवलं. ऑक्टोबरात ते घोट्यापर्यंत असतं, पण त्या दिवशी त्यांचा पाय घसरला होता आणि पॅन्ट गुडघ्यापर्यंत भिजली होती, आणि अशी भिजलेली पॅन्ट घेऊन कोणापुढे विनंती करायला उभं राहणं हे पहिलंच हरणं होतं. क्लेटननं त्यांना येताना पाहिलं. बंदूक फळीला टेकवली, कानांवरच्या त्या मोठ्या वाट्या काढल्या. एकनाथराव बोलले. माझी बायको, ते म्हणाले, मरते आहे. मरते आहे हा शब्द इंग्रजीत किती सोपा होतो, त्याला काही वजनच राहत नाही. मग क्लेटनचे ओठ हलले. पण त्याच्या मिश्या वरच्या ओठावर अशा लोंबत होत्या की काही लागेना, फक्त दात दिसले, खालचे, एक सोन्याचा. आणि त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. ही टोपी एकनाथराव गोष्टीत घालत नसत. एकदा घालून पाहिली होती, मनातल्या मनात, पण ती कुठंच बसत नसे, जास्तीच्या स्क्रूसारखी हातात उरे. "हसला," एकनाथराव म्हणाले. "माझ्या तोंडावर. म्हणाला, म्हातारबुवा, आवाज सोसत नसेल तर मला सायलेन्सर घेऊन दे." "असं म्हणाला?" हिमानीनं विचारलं. "शब्दशः," एकनाथराव म्हणाले, आणि ते वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हणून पाहिलं होतं की आता त्याला क्लेटनचाच हेल आला होता. सायलेन्सर हा शब्द त्यांनी प्रत्यक्षात पुढच्या वसंतात न्हाव्याच्या दुकानातल्या एका मासिकात पहिल्यांदा वाचला होता.

"आणि मग?" "मग काय. थांबायचं सोडून दुप्पट. शनिवार कुठला, वारच पाहीना. मी शैलजाचा हात धरून बसायचो. बार झाला की ती दचकायची. झोपेतसुद्धा. अशी." त्यांनी स्वतःचा उजवा हात गुडघ्यावरून झटक्यानं वर उचलला, आणि तो तसा उचलताना त्यांचा चेहरा क्षणभर गोष्ट सांगणाऱ्याचा राहिला नाही. लतिकाच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली होती, पण तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं. त्यांच्या तळहाताला ते अजून येत असे, मध्येच, गाडी चालवताना, दात घासताना: आधी काही नाही, मग एक बारीक ताठरणं, मग झटका, मग सैल. एक एक झटका म्हणजे ओढ्यापलीकडचा एक एक बार. ते खिडकीतून पाहत राहत. झाडांमुळं क्लेटन दिसत नसे. त्यांनी मनात ठरवलं होतं, हे सगळे मी साठवून ठेवतोय, आणि एके दिवशी परत देणार आहे, पण आवाज न करता. तुला कळणार नाही कुठून आलं. जसं तिला कळत नव्हतं.

"ओके, आता ती परवानगी सांगा," प्रसन्न म्हणाला. घरातली हवा हलकी करायची त्याला घाई झाली होती. "आमचा एच-वनचा पेपरवर्क बघितलाय मी, त्याहून वाईट?" एकनाथराव लगेच परत आले. ही त्यांची आवडती जागा होती. "तुमचा पेपरवर्क म्हणजे वकील करतो आणि तुम्ही सही करता. इथं वकील नाही. फॉर्म दोन प्रतींत, मूळ प्रतीवर फोटो चिकटवायचा, मी या देशाचाच आहे याचं वेगळं प्रमाणपत्र, दहा बोटांचे ठसे दोन कार्डांवर, आणि सगळ्यात शेवटी शेरिफची सही. शेरिफनं लिहून द्यायचं की या माणसानं हे नळकांडं घेतलं तर मला काही अडचण दिसत नाही. सही करायची त्याला सक्ती नाही. मनात आलं तर करेल. आता मनात कसं आणायचं? तर मी काय केलं? बेसनाचे लाडू केले."

"नाही बाबा," हिमानी म्हणाली. "प्लीज सांगा की नाही केलंत."

"शैलजाच्या डब्यातून नेले. साहेबांची सही घ्यायला मोकळ्या हातानं जातं का कोणी? माझ्या वडिलांनी घराचा नकाशा पास करून घेतला तो पेढ्यांवर. काउंटरवर डबा ठेवला आणि म्हटलं, धिस इज फॉर द शेरिफ. आता तुम्हीच बघा, मी असा काळासावळा, हातात स्टीलचा डबा, आत पिवळे गोळे, आणि हातातल्या कागदावर लिहिलंय सायलेन्सर. काउंटरमागची पोरगी दोन पावलं मागं सरली. मग एक डेप्युटी आला. मग दुसरा आला. मग कुत्रा आला." "कुत्रा?" "हुंगणारा. त्यांचा असतो तो. डब्याभोवती तीन फेऱ्या मारल्यान्, खाली बसला, आणि सगळं ऑफिस श्वास रोखून उभं, आणि त्या कुत्र्यानं लाडू उचलला आणि खाल्ला." "काका," प्रसन्न म्हणाला, "कुत्र्यानं बेसनाचा लाडू खाल्ला?" "दोन खाल्ले. दुसरा मागून घेतला. पुढचा पाय वर करून." सौमित्र इतका हसला की हिमानीनं त्याला खुणावलं, बाळ उठेल. "पण म्हणजे ते ब्राइब झालं ना बाबा, टेक्निकली?" सौमित्रनं डोळे पुसत विचारलं. "कुत्र्यानं खाल्ल्यावर कसली ब्राइब? कुत्रा सही करतो का?"

प्रत्यक्षात त्या पोरीनं डबा तसाच मागं सरकवला होता आणि ओठ स्वच्छ हलवून म्हटलं होतं, सर, आम्हाला हे घेता येत नाही. एकनाथराव डबा घेऊन गाडीत बसले. पार्किंगमध्ये ऊन होतं. त्यांनी झाकण काढून एक लाडू खाल्ला, बेसन कच्चं राहिलं होतं, टाळूला चिकटलं. शैलजा कधी इतकी घाई करत नसे, बेसनाचा वास बदलेपर्यंत ती उलथणं सोडत नसे. ते चिकटलेलं बेसन जिभेनं सोडवत असताना त्यांना क्लेटनचा इतका राग आला की डोळ्यांपुढचं स्टिअरिंग दिसेना. सुताला खळ चढवतात, नाहीतर माग चालू झाला की पहिल्याच ओढीला ते तुटतं. रागालाही तसंच असतं, त्यांनी ठरवलं. ज्याचा राग कोरडा राहिला त्याचा तुटला. लोक इथं रागावून कोणाला गोळ्या घालतात ते कच्च्या सुताचं काम. आपण प्रत्येक कागदागणिक एक हात खळ द्यायची. आणि ते डब्याचं झाकण लावून परत आत गेले होते.

"शेरिफनं विचारलं," एकनाथराव सांगत होते, "काय हो, तुम्हाला हे कशाला हवं? मोठा माणूस, एवढी ढेरी, टेबलावर नातवंडांचे फोटो. मी म्हटलं, सर, मी घराच्या मागे नेमबाजी करतो. माझ्या आवाजाचा शेजाऱ्याला त्रास होऊ नये." हिमानीनं कपाळावर हात मारला. "खुर्चीतून उठला तो. माझा हात हातात घेतला. म्हणाला, मिस्टर पागनीस, तुमच्यासारखा शेजारी सगळ्यांना मिळो. आणि सही केलीन्." हे जवळजवळ खरं होतं. शेरिफ उठला नव्हता, पण म्हणाला होता. आणि तेव्हा एकनाथरावांना आतल्या आत इतकं हसू फुटलं होतं की ते खोकला म्हणून बाहेर काढावं लागलं. कायद्याचा माणूस स्वतःच्या हातानं लिहून देत होता की या म्हाताऱ्याच्या हाती हे देण्यात मला धोका दिसत नाही. त्या सहीची शाई वाळताना पाहून त्यांना झालेला आनंद एकेकाळी नव्या मागावर पहिलं कापड उतरताना होत असे तसला होता.

"ठशांचं काय झालं?" प्रसन्ननं विचारलं. आता तो पुढं सरकून बसला होता. एकनाथरावांनी दोन्ही पंजे त्याच्यापुढं धरले. "बघ. काही दिसतंय?" प्रसन्ननं त्यांची बोटं उजेडाकडे वळवून पाहिली. बोटांची अग्रं गुळगुळीत होती, नदीतल्या खड्यांसारखी. "तुझ्या वयाचा होतो तेव्हापासून ताण्याचे धागे या बोटांवरून गेले. सुतानं दगड कापला जातो, ही तर कातडी. मला ठसेच नाहीत. मी बँक लुटली तर माझ्याआधी तुला पकडतील." ठसे घ्यायला डार्लीन नावाची डेप्युटी होती, पन्नाशीची, च्युइंगम चघळणारी. तिनं त्यांचा अंगठा शाईवर फिरवला, कार्डावर फिरवला, आणि कार्डावर उठला तो नुसता काळा गोल, चंद्रग्रहणासारखा. तिनं बोटांना मलम चोळलं. मग पुसलं. मग पुन्हा शाई. "सैल सोडा," ती सारखी म्हणत होती, "तुम्ही मदत करू नका, हात माझा आहे असं समजा." पण त्यांना सोडता येईना. शैलजा गेल्यापासून त्यांचा हात कोणी असा हातात धरला नव्हता. हस्तांदोलनं झाली होती, डॉक्टरांनी नाडी पाहिली होती, पण असं एकेक बोट वेगळं करून, बाजूला ठेवून, दुसरं उचलून, कोणी नाही. डार्लीनचा तळवा गरम होता. त्यांचं बोट तिच्या मुठीत अचानक ताठलं आणि झटक्यानं उडालं, आणि शाईचा एक ओरखडा कार्डभर गेला. ते घाबरून खिडकीकडे पाहू लागले. बार कुठं झाला? खिडकीबाहेर पार्किंग होतं, एक पोलिसांची गाडी, एक मेपलचं झाड. डार्लीनकडे त्यांनी पाहिलं, तिनं काही ऐकल्याचं दिसत नव्हतं. ती नवं कार्ड काढत होती. "होतं असं," तिचे ओठ म्हणाले, "म्हाताऱ्या हातांचं होतं." आवाज नसताना हात उडतो, हा विचार तेव्हा त्यांच्या अगदी दाराशी येऊन उभा राहिला होता. त्यांनी त्याला आत घेतलं नाही. बोट पुढं केलं.

"दोनदा परत आली कार्डं वॉशिंग्टनहून," ते मोठ्यानं म्हणाले, गरजेपेक्षा मोठ्यानं. "ठसे वाचता येत नाहीत. डायरेक्टरचं स्वतःचं पत्र होतं, म्हणे असा माणूस आमच्या पाहण्यात नाही." "डायरेक्टरचं?" "सहीनिशी. तिसऱ्यांदा डार्लीननं माझे हात गरम पाण्यात बुडवून, कोरडे करून, अशी काही कळ फिरवलीन् की दहाच्या दहा बोटं बोलली. मग फॉर्म वॉशिंग्टनच्या कपाटात. आणि परवा शिक्का." त्यांनी हात मांडीवर ठेवले. "उद्या जाऊन घेऊन येतो. शनिवारी क्लेटन फळीवर डबे मांडेल. मी आपला घरामागच्या लाकडी डेकवर खुर्ची टाकून बसलेला, मांडीवर शाल. तो बंदूक उचलेल, नेम धरेल, आणि त्यानं चाप ओढण्याआधीच डबा पडेल. आवाज नाही, काही नाही. तो बघेल. दुसरा डबा पडेल. मग तिसरा. फळीवर एक डबा उरणार नाही आणि याच्या बंदुकीतून एक गोळी सुटलेली नसेल. त्याला वाटेल भूत आहे. झोप उडेल. माझ्या बायकोची उडवलीन् ना, त्याचीही उडेल. हा माझा सूड. बोला, खरं वाटतं?"

प्रसन्ननं टाळी वाजवली. सौमित्र म्हणाला, "बाबा, पण तुमचा नेम चुकला तर? म्हणजे, लायबिलिटी बघा ना." "चुकला तर हातभर डावीकडे," एकनाथराव म्हणाले. त्यांना ते हसत म्हणायचं होतं. ओठ हसलेही असावेत. पण गेलं वर्षभर रोज संध्याकाळी डेकवर बसून ते फळीकडे बघत होतेच कुठं? फळीच्या हातभर डावीकडे तो उभा राहतो तिथं बघत होते. डबे हे लोकांना सांगायला होते. डबे स्वतःला सांगायलाही होते, दिवसा. त्यांच्या सगळ्या कागदांमधून, फोटोंमधून, त्या शाईच्या काळ्या चंद्रांमधून एकच वाट जात होती आणि ती डब्यांपाशी थांबत नव्हती. हिमानी त्यांच्याकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत शैलजाची ती जुनी खूण होती, दंडाला धरून फिरवायची. "बाबा," ती म्हणाली, "उद्या तुम्ही कुठं जात नाही. धिस इज नॉट फनी." "तू नव्हतीस तिथं," एकनाथराव म्हणाले, आणि त्यांचा आवाज चढला. "तुला नाही माहीत. शेवटच्या त्या दिवसांत त्यानं तिला एक घटका शांत पडू दिलं नाही. ती गेली त्या सकाळीसुद्धा बार चालू होते. माझ्या हातात तिचा हात उडत होता आणि तो थांबला नाही. विचार लतिकाला. ती होती."

सगळ्यांनी खिडकीकडे पाहिलं. लतिकानं मांडीवरचं वर्तमानपत्र मेथीसकट दुमडून बाजूला ठेवलं. तिला घाई नव्हती. दोन वर्षांपूर्वी तेरावा उरकून ती नागपूरला परतली होती आणि फोनवर एकनाथरावांना काही ऐकू येत नसल्यानं त्यांचं तिच्याशी धड बोलणं असं झालंच नव्हतं. हे बारांचं ती आज पहिल्यांदा ऐकत होती. ती उठली, प्रसन्नच्या पायांना वळसा घालून आली, आणि चहाच्या टेबलाच्या कडेवर एकनाथरावांच्या अगदी समोर बसली, तिचं तोंड त्यांना नीट दिसेल अशी. त्यांच्या लक्षात आलं की ती हळू बोलणार आहे, एकेक शब्द सुटा करून, जशी शैलजा बोलायची, आणि त्यांना एकदम उठून कुठंतरी जावंसं वाटलं, पण तिनं त्यांचा हात धरला होता.

"हे खोटं आहे, भाऊजी," लतिका म्हणाली. "कुत्र्याचं असू द्या, शेरिफचं असू द्या. हे नाही. तुम्ही ओढा ओलांडून त्याच्याकडे जाऊन आलात ना, त्या दिवसानंतर तिथं एकही बार झाला नाही. मला कान आहेत. ताईलाही होते. ती मला विचारायची, आज शनिवार ना गं, मग तो कुठं गेला? तिचा हात दुखण्यानं उडायचा. मी औषध द्यायची आणि वाट बघायची. आणि तुम्ही तो हात धरून खिडकीबाहेर बघत बसायचात. तिच्याकडे बघायचं होतं, भाऊजी."